अश्विनीचा जॉब कुणी मारला

भाऊ, आपल्या मोठ्या मशिनींच्या नोंदीचा सकाळचा लॉग आता मी एकटीच वाचते. तुम्ही होतात तेव्हा आपण दोघं वाचायचो, म्हणजे तुम्ही वाचायचात आणि मी ऐकायची. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर छापलेले ते कागद, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा. कोणाचा जॉब लागला, कोणाचा संपला, कोण अजून रांगेत आहे, हे तुम्ही गावातल्या बातम्या सांगाव्यात तसं सांगायचात. "बायोटेकवाली पोरगी दोन दिवसांपासून थांबून हाये, रजनी. तिले फोन कर." मी म्हणायची, फोन कशाला, तिला स्क्रीनवर दिसतं ना. "दिसते. पन कोनी सांगितलं तं बरं वाटते."

तुम्हाला जाऊन आता सव्वा महिना झाला. कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर चार शब्द लिहून द्या असं मला सांगितलं, तेव्हा मी जन्म, शिक्षण, नोकरी असं लिहायला बसले आणि तिसऱ्या ओळीत थांबले. ते सगळं सेवापुस्तकात आहे. मला तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते वेगळंच आहे. ते चार लोकांसमोर बोलायला पाहिजे, म्हणूनच इथे लिहिते.

मी एकोडीहून पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्ही मला सर्व्हरच्या खोलीत नेलंत. एसीचा आवाज इतका की जवळ उभं राहून बोलावं लागायचं. तुम्ही रॅकच्या मागे तळहात धरलात आणि मलाही धरायला लावलात. गरम वारा येत होता. "हे चालू हाये म्हंजे कोनाचं तरी काम होऊन राहिलं," म्हणालात. मग बाहेर येऊन एका दमात सगळं समजावलंत. आठ मशिनी, एकेकीत चार जीपीयू कार्डं, म्हणजे बत्तीस. एरवी महिनाभर चालेल ते गणित या कार्डांवर दिवसा-दोन दिवसांत होतं, म्हणून ती सगळ्यांना पाहिजे असतात. माणसं दीडशे. प्रत्येकानं लिहून द्यायचं की मला इतकी कार्डं इतके तास पाहिजेत. त्याला जॉब म्हणायचं. आणि कोणाचा जॉब आधी, कोणाचा नंतर, हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे शेड्युलर. "तो ठरवते असं लोक म्हनतात," तुम्ही म्हणालात. "पन त्याले नियम आपन सांगतो. म्हंजे ठरवतो आपनच. हे इसरू नको."

नंतर तुम्ही मला एक लहानसा जॉब लिहायला लावलात, रांगेत टाकायला लावलात आणि तुमच्या कामाला निघून गेलात. मला वाटलं पाच-दहा मिनिटांत लागेल. चार तास मी त्या स्क्रीनसमोर बसून होते. 'थांबलेला' एवढंच लिहिलेलं. दुपारी डबा खायला आलात तेव्हा विचारलंत, "कसं वाटलं?"

"कंटाळा आला."

"कंटाळा नोहे. नीट सांग."

मी विचार केला. म्हटलं, "मला कोणीतरी विसरून गेलंय असं वाटलं."

"हां. हे ध्यानात ठेव."

पुढे आठ दिवस खपून तुम्ही आणि मी ते छोटं पान केलं, ज्यावर प्रत्येकाला आपला नंबर कितवा आणि अंदाजे कधी लागेल हे दिसतं. अंदाज पुष्कळदा चुकायचा. तरी लोकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. वरून कोणी विचारलं की मशिनी किती टक्के वापरात आहेत, तर तुम्ही मला पुढे करायचात. ते गेले की म्हणायचात, मशीन किती चालली हे मले नको सांगू, मानूस किती थांबला ते सांग.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात आपल्या रांगेची तुलना तलावाच्या पाणीपाळीशी केली होती, आठवतं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तेवढे हात बांधून बसलात. नंतर चहा पिताना म्हणालात, "तलावातलं पानी आज नाही घेतलं तं उद्या घेता येते. कार्डाचा गेलेला घंटा कोनाले उद्या देनार?" रिकामं कार्ड तुम्हाला बघवायचंच नाही. सोळा कार्डांचा मोठा जॉब रांगेच्या तोंडाशी उभा असला की त्याच्यासाठी कार्डं जमवत बसावं लागतं. बारा मोकळी झाली, चार यायची आहेत, तोवर ती बारा रिकामी. मधल्या वेळात लहान जॉब घुसवता येतात, पण ते नेमके कधी संपतील हे खरं माहीत पाहिजे. आणि खरं कोणी लिहायचंच नाही. दोन तासांच्या कामाला सगळे तीन दिवस लिहायचे, कारण लिहिलेली वेळ संपली की शेड्युलर जॉब बंद करून टाकायचा.

मी म्हटलं होतं, खोटी वेळ लिहिणाऱ्यांना मागे टाका. तुम्ही ऐकलं नाहीत. वही घेऊन एकेका लॅबमध्ये गेलात. "खरी येळ लिहा. कमी पडली तं मले फोन करा, मी वाढवून देतो." बस, एवढंच. आणि लोक खरंच फोन करू लागले. तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसलेले असा, दवाखान्याच्या रांगेत असा, फोन घ्यायचात, नंबर विचारायचात आणि मला कळवायचात, अमक्याचे दोन तास वाढव. सहा महिन्यांत पुष्कळ लोक खरं लिहायला लागले. मी मनातल्या मनात हरले होते, पण तुम्हाला तसं म्हटलं नाही. आता म्हणते.

आपलं खरं भांडण दुसरंच होतं. एकदा लागलेला जॉब मधूनच काढायचा की नाही? माझं म्हणणं, काढायचा. अडीनडीचं काम आलं तर चालू जॉब बाजूला करता आला पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येकानं आपलं काम दर तासाला साठवून ठेवायला शिकलं पाहिजे. चेकपॉइंट लिहायचा. मग जॉब काढला तरी जिथं थांबला तिथून पुढे सुरू होतो. तुमचं म्हणणं, ज्याचा नंबर लागला त्याला उठवायचं नाही. "चेकपॉइंट लिवता येते कोनाले? मोठ्या लॅबवाल्यायले. त्यायचं काही जात नाही. ज्याले येत नाही तोच मरन." मी म्हणायची, शिकवू. तुम्ही म्हणायचात, शिकव आधी, मग बोल. मी शिकवलं नाही आणि तुम्ही नियम बदलला नाहीत. पाच वर्षं आपण तिथेच होतो. चिडून तुम्ही मला 'रजनीबाई' म्हणायला लागायचात, आणि ते 'बाई' लागलं की मी समजायची, आज इथेच थांबायचं.

आता ऑगस्टचं सांगते. तुम्हाला त्यातलं किती ठाऊक होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

तुम्ही नागपूरला दवाखान्यात होतात. दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. इकडे चार दिवसांपासून पाऊस, वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, आणि वैनगंगा कारध्याच्या पुलाखाली चढत होती. सकाळी अकराच्या सुमारास सिव्हिल इंजिनिअरिंगच्या लांजेवार मॅडम धावत आल्या. त्यांच्या पुराच्या मॉडेलला दोन पूर्ण मशिनी, म्हणजे आठ कार्डं, दोन तास पाहिजे होती. संध्याकाळपर्यंत पाणी कारध्याच्या खालच्या आळीत कुठवर येईल याचा आकडा तहसीलला द्यायचा होता.

बत्तीसच्या बत्तीस कार्डं भरलेली. सोळांवर आपल्या विभागप्रमुखांच्या लॅबचा जॉब. आठांवर आठ विद्यार्थ्यांचे लहान लहान. आणि उरलेल्या आठांवर अश्विनीचा. झाडीबोली बोलणाऱ्या बाईनं फोनवर आपल्या धानाबद्दल विचारलं तर मशीनला ते समजावं, यासाठी चार वर्षांपासून धडपडणारी आपली अश्विनी. तिचा जॉब दोन दिवस तेरा तास चालला होता. संपायला अर्धा दिवस उरलेला. तिला चेकपॉइंट लिहिता येत नव्हता.

तिचा फोन लागेना. रोवणी चालू होती म्हणून ती बपेऱ्याला गेली होती. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान रोवणाऱ्या बायांचं बोलणं रेकॉर्ड करायचं होतं तिला. मी तुम्हाला फोन केला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी करायला नको होता, पण मला दुसरं कोणी सुचलं नाही.

"तिले इचारलं का?"

"फोन लागून नाही राहिला, भाऊ."

"होस्टेलातल्या पोरीयले इचार. तिच्या घरचा नंबर कोनाकडं तं असंल."

"वेळ नाही. कारध्याला पाणी चढून राहिलं."

मागे वॉर्डातल्या कुठल्यातरी यंत्राचा बारीक आवाज येत होता. तुम्ही म्हणालात, "कारध्यात माही बायको हाये, नात हाये. ते मले नको सांगू. तरी इचार. जॉब तिचा हाये, आपला नोहे."

"आणि नाहीच लागला तर?"

"तं वरच्या माळ्यावर जा. सोळावाल्या सरले इचार. त्यायचा जॉब घंट्याघंट्याले साठवून राहते. एक घंटा जाईल, जास्त नाही."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि वर गेलेही. सरांच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आत बाहेरगावचे तीन पाहुणे बसलेले आणि सर त्यांना भिंतीवरच्या पडद्यावर तोच चालू जॉब दाखवत होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अर्धं मिनिट झालं असेल, नसेल. मी परत फिरले.

खाली येऊन अश्विनीला आणखी एकदा फोन लावला. मग तिचा जॉब काढला. एका ओळीचं काम असतं ते, तुम्हाला माहीत आहे. नंबर लिहायचा आणि बटण दाबायचं. दोन दिवस तेरा तासांचं काम गेलं आणि स्क्रीनवर फक्त आठ कार्डं मोकळी झालेली दिसली.

लांजेवार मॅडमचा आकडा दुपारी दोनच्या आत तयार झाला. वहिनी, तुमची नात आणि खालच्या आळीतली सगळी माणसं शाळेत गेली. पाणी तुमच्या घराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि तिथून उतरलं. त्या दिवशी सगळे मला चांगलं चांगलं म्हणाले. पंधरा दिवसांनी लांजेवार मॅडमनीच मला सांगितलं की पुलावरची खूण पाहून तहसीलवाल्यांनी बारा वाजताच आळी रिकामी करायला घेतली होती. आपला आकडा पोचला तोवर निम्मी माणसं निघालेली. म्हणजे आपल्या मशिनींनी कारधा वाचवलं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्यांचं काम थोडं सोपं झालं असेल. तेवढंच.

पुराच्या त्या संध्याकाळी तुम्ही फोनवर विचारलंत, "इचारलं?" आणि मी म्हटलं, "हो. काढा म्हणाली."

"चांगली पोरगी हाये," तुम्ही म्हणालात.

चौथ्या दिवशी अश्विनी परत आली. तिला मी सांगितलं की पावसात लाईट गेली, मशीन बंद पडली. ती "ठीक आहे, मॅडम" म्हणाली आणि पुन्हा रांगेत लागली. तिचा नंबर सहा दिवसांनी आला. तिला एका परिषदेला शोधनिबंध पाठवायचा होता, त्याची मुदत तोवर टळून गेली होती.

खोटं दोनदा बोलले हे वाईटच आहे, भाऊ, पण मला खुपतं ते ते नाही. दोन जॉब समोर होते. एक काढला असता तर एक तास गेला असता, दुसरा काढला तर अडीच दिवस. मी अडीच दिवसांचा काढला, कारण अश्विनी मला ओरडणार नव्हती. पुराची घाई, फोनची रेंज, ही कारणं नंतर जमवलेली आहेत. त्या दारातून परत फिरले तेव्हाच मी ठरवलं होतं.

तुम्ही महिन्यानं परत आलात. हळूहळू चालत, पण आलात. पहिल्याच सकाळी मागच्या महिन्याभराचा लॉग छापायला सांगितलात. लॉगमध्ये सगळं असतं. कोणता जॉब कधी बंद झाला, आपोआप झाला की कोणी केला, आणि कोणी. तुम्ही त्या तारखेच्या पानावर आलात. बोट ठेवून वाचलंत. मग विचारलंत, "त्या दिवशी सोळावाला जॉब चालू होता नाही का?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

तुम्ही कागदाची घडी घातलीत, खिशात ठेवलीत आणि चहा मागवलात.

त्यानंतर अडीच महिने आपण रोज समोरासमोर बसलो. त्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कित्येकदा मला वाटायचं, आज बोलतील. रजनीबाई म्हणतील, चार लोकांत झापतील, आणि मी मोकळी होईन. तुम्ही उलट जास्तच मायेनं वागलात. डब्यातली सांभारवडी माझ्या ताटात टाकायचात. मला तुमचा राग यायचा. अजूनही थोडा आहे. माणूस समोर होता तोवर बोलायचं धैर्य मला झालं नाही ही चूक माझी, पण तुम्हीही मला विचारायला पाहिजे होतं. विचारणं हाच तर तुमचा नियम होता.

एका सकाळी वहिनींचा फोन आला. त्याबद्दल मी लिहीत नाही.

तुमच्या तेरवीला अश्विनी कारध्याला आली होती. जेवणं झाल्यावर घराच्या मागच्या बाजूला, मोरीपाशी आम्ही दोघी हात धूत होतो. ती म्हणाली, "भाऊ नागपूरहून आले ना मॅडम, त्याच हप्त्यात माह्याकडं आले होते. लॅबमध्ये. तीन जिने चढून."

"कशाला?"

"जॉब कसा गेला ते इचाराले. मी लाईट म्हनलं तं म्हनले, तुझा जॉब लाईटनं नाही गेला. आम्ही काढला. तुले इचारलं नाही, हे आमचं चुकलं." ती पदराला हात पुसत बोलत होती. "मी इचारलं, कोनं काढला? तं म्हनले, आम्ही. दोनदा इचारलं. आम्हीच म्हनत राहिले. मंग माह्याजवळ बसून चेकपॉइंट लिवाले शिकवला. दोन दिवस लागले. त्यायलेच धड येत नव्हता, पुस्तक उघडून पाहून राहिले होते."

मी तिथेच सांगितलं, भाऊ. मोरीपाशी, ओल्या हातांनी. मी काढला म्हटलं. लाईटचं खोटं होतं म्हटलं. भाऊंना तू हो म्हणालीस असं मीच सांगितलं, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. मग तिनं नेमकं तेच विचारलं जे मला नको होतं. "सरांचा सोळाचा काहून नाही काढला? त्यायचा तं साठवून होता."

"मी त्यांना भ्याले."

तिनं अंगणाकडे पाहिलं. तिथे तुमची नात पत्रावळी गोळा करत होती. मग अश्विनी म्हणाली, "म्हंजे मले भ्याल्या नाही."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. निघताना मात्र फाटकापाशी थांबून म्हणाली, "आता माहा जॉब दर अर्ध्या घंट्याले साठवते. काढला तरी चालते. पन सांगून काढजा."

घरी येताना पुलावर मी गाडी बाजूला लावली आणि बराच वेळ थांबले. तुम्ही जिने चढून गेलात. ऑपरेशनला महिनाच झालेला असताना. 'आम्ही' म्हणालात. आणि जी गोष्ट पाच वर्षं मी फक्त भांडणात बोलत राहिले, चेकपॉइंट शिकवायची, ती तुम्ही पुस्तक उघडून, न येता, जाऊन शिकवलीत. मला न सांगता माझ्या बाजूला अर्धी वाट चालून आलात. मला हे कळतं तर मी उरलेली अर्धी तेव्हाच चालले असते. आता चालते आहे.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी विभागप्रमुखांची चिठ्ठी आली. कार्डं त्यांच्या प्रकल्पातून कॉलेजला मिळालेली, तेव्हा यापुढे त्यांच्या लॅबचे जॉब नेहमी रांगेच्या सुरुवातीला घ्यावेत. तुम्ही असताना असली चिठ्ठी त्यांनी पाठवली नव्हती. मी उत्तर लिहिलं नाही, प्राचार्यांकडे बैठक मागितली. तिथे नवा नियम मांडला. कोणाचाही चालू जॉब त्याला सांगितल्याशिवाय काढायचा नाही. ज्यांचं काम साठवलेलं असतं त्यांनी आधीच संमती लिहून द्यायची, आणि अडीनडीला पहिल्यांदा त्यांचाच जॉब बाजूला करायचा, मग तो कोणाचाही असो. ज्याचा काढला त्याला जे पत्र जाईल त्यात काढणाऱ्याचं नाव असायला पाहिजे, 'प्रशासक' असं नाही.

सर म्हणाले, "आमच्या सोळा कार्डांचं काम असं कधीही थांबवलं तर कसं चालेल?"

मी त्यांना ऑगस्टचा दिवस सांगितला. दाराशी येऊन परत फिरले तेही. सर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अहो, मला सांगायचं होतं ना. मी दिला असता."

खरं सांगते भाऊ, तिथे मला सगळ्यात जास्त लागलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. तरी मी नियमावरून हटले नाही. दिला असता तर लिहून द्या म्हटलं. प्राचार्यांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी दोनदा वाचला आणि सही केली. रांगेच्या सुरुवातीला त्यांची लॅब नाही.

त्याच दिवशी दीडशे जणांना पत्र पाठवलं. त्यात ऑगस्टमध्ये काय झालं ते लिहिलं, अश्विनीला विचारून तिच्या नावासकट, आणि खाली माझं नाव. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी एकेका लॅबमध्ये जाते, तुमच्यासारखी वही घेऊन, आणि काम साठवायला शिकवते. आतापर्यंत चार लॅब झाल्या. एकोणीस राहिल्या आहेत. उन्हाळ्याच्या आत सगळ्या करायच्या. पुढच्या पावसाळ्यात नदी चढेल तेव्हा कोणाचं अडीच दिवसांचं काम माझ्या हातानं जायला नको.

तुमच्या जागेवर तात्पुरती नेमणूक करायची होती. परवा मुलाखती झाल्या. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. तातडीचं काम आलंय, कार्डं भरलेली आहेत, ज्याचा जॉब काढायचा तो फोन उचलत नाही, काय कराल? पहिले गृहस्थ अनुभवी होते, नागपूरचे. म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगाल तसं."

दुसरी तुमसरची. शिक्षण संपून दोनच वर्षं झालेली. तिनं आमचा नवा नियम आधीच वाचून ठेवला होता. म्हणाली, "मॅडम, हा नियम अर्धवट हाये. जे संमती देतात त्यायलेच तुम्ही उठवता, आणि जे देत नाहीत ते आरामात बसून राहतात. मंग कोनी संमती काहून देईल? देनाऱ्याचा नंबर आधी लावा ना. आनि एकाच मानसाचा फोन नंबर घेता, तं फोन लागनार नाहीच कधीतरी."

मी म्हटलं, नंबर आधी लावला तर साठवता न येणारे मागे पडतील, आणि शिकवायच्या एकोणीस लॅब उन्हाळ्यापर्यंत चालतील. ती म्हणाली, मग त्यायले शिकवा लवकर, एकोणीस लॅब उन्हाळ्यापर्यंत कायले पुरवता, मी येतो तं दोन महिन्यांत करू. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. आम्ही दोघी पाऊण तास भांडत होतो, आणि मुलाखतीला आल्याचं ती साफ विसरली होती.

तिलाच घेतलं, भाऊ. सोमवारी ती रुजू होते. पहिल्याच आठवड्यात आमचं वाजणार हे नक्की आहे, आणि मी त्याची तयारी करून ठेवली आहे.